हातचा

दुपारी ज्या वर्गात मुलं पाढे म्हणतात
त्याच वर्गात संध्याकाळी सहाला आम्ही नऊजण.
गुडघे हनुवटीला लागतील असे बुटके बाक,
ओशमधला जानेवारी,
खिडकीच्या फटीत कोंबलेलं जुनं वर्तमानपत्र,
आणि माझ्या बोटांना ओल्या लोकरीचा वास.
साबणानं तो जात नाही,
कारण निम्मा तो साबणाचाच आहे.

शिकायला म्हणून मी आलेच नव्हते.
बँकेला एक प्रमाणपत्र हवं होतं,
मला नमदा दाबायचं यंत्र.

एर्मेकबाय अगाय दूध डेअरीतले निवृत्त हिशेबनीस.
खडू मोडून अर्धा वापरायचे, अर्धा कोटाच्या खिशात.
(पहिला धडा तोच होता,
आम्हाला फार उशिरा कळला.)
म्हणाले, तुमच्या दुकानातली सगळ्यात लाडकी वस्तू मांडा.

मी मांडल्या लहान मुलांच्या सपाता,
मेंढ्याच्या शिंगांची नक्षी, लाल धाग्यात.
अख्ख्या बाजारात तशी दुसरी कुणाची नाही.
जोड तीनशे सोमला. हातोहात जातो.
लोकर सत्तर, कोळसा-साबण पस्तीस,
रंग वीस, तळव्याचं चामडं चाळीस,
गाळ्याचं भाडं वाटून पंचवीस.
एकशे नव्वद.
उरले एकशेदहा, मी दुहेरी रेघ ओढली
आणि मान वर केली, पहिल्या नंबरात आल्यासारखी.

"नक्षीला वेळ किती?"
सहा तास. पण ते माझेच की, अगाय.
"मदतीच्या मुलीला तासाला काय देतेस?"
झिइदेगुलला? साठ.

ते काही बोलले नाहीत. खडू माझ्यापुढे धरला.
सहा गुणिले साठ मी फळ्यावर स्वतःच्या हाताने केलं.
तीनशेसाठ.
दर जोडामागे अडीचशेचा खड्डा,
आणि तो मी लाल धाग्यानं भरत होते.

बेरजेत हातचा एक डोक्यात ठेवायचा,
हे शाळेत मला सगळ्यांआधी जमायचं.
तीस वर्षं तो डोक्यातच राहिला.
खाली उतरवून मिळवायचं राहूनच गेलं.

त्या रात्री चहा निवला.
वहीत नवा रकाना आखला : माझे तास.
वाकडी आली रेघ. पट्टी होती, घेतली नाही.
मग उधारीचं पान.
दीर तोक्तोसुन, अकरा जोड, "पुढच्या शुक्रवारी".
वही दाखवली तसा भडकला,
घरातल्या माणसाचं नाव कागदावर लिहितेस?
महिन्यानं दारात अर्धं पोतं लोकर टाकून गेला,
चहालाही थांबला नाही.
हे कुठे लिहू, विचारलं तर अगाय म्हणाले,
लोकर लोकरीत. रागाला रकाना नाही.

आता शिंगांची नक्षी फक्त सांगून केल्यावर,
पाचशेपन्नास.
गिऱ्हाईक उलटसुलट बघतं, नाक मुरडतं, पुढे जातं.
महिन्यात तीन जोड गेले.
साध्या सपाता मात्र दुपारी चारलाच संपतात,
आणि चारनंतर मला काय करावं ते सुचत नाही.
काल नुसतीच बसले. ऊन होतं.

गल्लीत कुणाकडे बाळ झालं
की एक जोड अजून तसाच शिवते, फुकट.
आतबट्ट्याचाच व्यवहार, माहीत आहे.
पण तो आता वहीत आहे,
तारखेसह, सहा तासांसह,
खाली माझी सही.

बँकेचं उत्तर आलेलं नाही.
झिइदेगुल विचारते, तुमचा रकाना आखायला शिकवाल का?
मी तिला खडूचा तुकडा देते.
अर्धा.